घरीच असतात, असं मी लिहिलं होतं

जनगणनेचं नाव काढलं की शिक्षकांच्या खोलीत कपाळाला आठ्या पडतात. कुणाची कंबर धरते, कुणाच्या सासूबाई अचानक आजारी पडतात, कुणी मेडिकल सर्टिफिकेटच्या मागे लागतं. माझं नेमकं उलटं होतं. नेमणुकीचा कागद हातात पडला की मला लग्नघरात पाऊल टाकल्यासारखं वाटायचं. तीन जनगणना केल्या मी, एक धुळ्यात आणि दोन धरणगाव तालुक्यात. आता पुन्हा एक येऊन ठेपली आहे, तीही मोबाईलवर, आणि मी निवृत्त! काय जळफळाट होतो म्हणून सांगू. शेजारची तरुण शिक्षिका शंका विचारायला येते, तेव्हा तिच्या हातातला फोन हिसकावून घ्यावासा वाटतो.

लोकांना वाटतं, जनगणना म्हणजे डोकी मोजणं. डोकी मोजणं सोपं आहे हो, डोकी दिसतात. खरी गंमत पुढे आहे. ‘गेल्या वर्षभरात काम केलं का?’ हा एक प्रश्न असतो, आणि या एका प्रश्नाने मला जेवढं पळवलं, रडवलं आणि हसवलं, तेवढं बाकी सगळ्या रकान्यांनी मिळून नाही. सहा महिने किंवा जास्त काम केलं असेल तर माणूस ‘मुख्य काम करणारा’. त्याहून कमी असेल तर ‘सीमांतिक’. अजिबात नसेल तर ‘काम न करणारा’. या तीन कप्प्यांत अख्खा देश बसवायचा. देशात राबणारे हात किती, हे सरकारला कळतं ते इथून.

आता काम म्हणजे काय? पगार मिळतो तेवढंच काम, असं नाही. घरच्या शेतात एक पैसा न घेता राबलं तरी ते काम. घरापुरत्या दुधासाठी म्हैस पाळली, तिचं चारापाणी केलं, धार काढली, तर तेही काम. पण स्वयंपाक केला, पाणी भरलं, उन्हाळ्यात घरच्यासाठी गच्चीभर ज्वारीचे बिबडे-पापड घातले, तर ते काम नाही. प्रशिक्षणात मी उठून विचारलं, “सर, म्हणजे दूध काढणारी कामकरी आणि त्याच दुधाचा चहा करून तुम्हाला देणारी बिनकामाची?” सर म्हणाले, “बाई, तुम्ही रकाना भरा.” तेव्हापासून आमच्या तालुक्यात मला ‘रकानाबाई’ म्हणायचे. मला राग यायचा नाही. नियम कसाही असो, तो पाठ असला की मी शेर.

धुळ्याची माझी पहिली मोजणी. एका गल्लीत तिशीतला एक मुलगा अंगणात वर्तमानपत्र वाचत बसलेला. वडिलांना विचारलं, हा काय करतो? ते म्हणाले, “विद्यार्थी.” आई आतून ओरडली, “कसला विद्यार्थी, नोकरी शोधतोय सहा वर्षं!” आणि मुलगा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला, “मॅडम, अधिकारी लिहिलं तरी चालेल. परीक्षा झाली आहे, निकाल बाकी आहे.” एक माणूस, तीन उत्तरं, रकाना एक! मी त्याला काम न करणारा, काम मिळालं तर करायला तयार, असं लिहिलं. तो जरा हिरमुसला. त्याच गल्लीच्या टोकाला एक निवृत्त आजोबा होते. दिवसभर काय करता, म्हटलं तर म्हणाले, “चिंता.” त्याला माझ्याकडे कप्पाच नव्हता. असता तर अर्धी गल्ली मुख्य काम करणाऱ्यांत गेली असती.

पण आज लिहायला बसले ते हे किस्से सांगायला नाही. एक गोष्ट आहे, ती मी बरीच वर्षं पोटात ठेवून होते.

लग्नानंतर माझी बदली जळगाव जिल्ह्यात झाली. दोन हजार एकच्या जनगणनेत धरणगाव तालुक्यातलं एक लहानसं गाव मला मिळालं. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना उगीच त्रास नको. कापसाचं गाव, सगळं मिळून माझ्या एकटीच्या वाट्याला येईल एवढंच. माझी शाळा दुसऱ्या गावी, तेव्हा इथे ओळख कुणाची नव्हती. मी अकराच्या सुमाराला पोचायची. ओट्यावर घरातले वडीलधारे बसलेले असायचे, खाट टाकली जायची, चहा यायचा. मी विचारायची, ते सांगायचे, मी लिहायची. एका घरी एक आबा होते, पांढराशुभ्र फेटा, करारी आवाज. मी म्हटलं, “आबा, सुना काय करतात?”

“काय करतीन? घरच शेतस.”

आबांनी सांगितलं म्हणजे झालं. मी दोंडाईच्याची, अहिराणी माझ्या घरची बोली. सुना घरीच असतात, असं सांगण्यात केवढी इभ्रत असते, हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून मी पुढचा प्रश्न विचारला नाही. वडीलमाणसाच्या तोंडावर ‘खरंच का?’ असं आमच्याकडे कुणी विचारत नाही. मी घरामागून घर ‘काम न करणारी’ असं लिहीत गेले. बोटांवर मोजाव्यात एवढ्याच बाया कामकरी निघाल्या, त्याही ज्यांच्या घरात पुरुष नव्हते त्या. कागद काय सुंदर झाले होते माझे! एक खाडाखोड नाही. तालुक्यात सगळ्यांत आधी काम संपवलं, आणि मला पदक मिळालं. काचेच्या कपाटात ठेवलं होतं मी ते, पाहुणे आले की दिसेल असं.

दहा वर्षांनी तेच गाव पुन्हा माझ्याकडे आलं. फेब्रुवारी महिना. या वेळी एस.टी. लवकरची मिळाली आणि मी आठलाच गावात. पहिल्या दाराची कडी वाजवली. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने दार उघडलं. काखेत लहान भाऊ, त्याच्या नाकाला शेंबूड.

“घरमा कोन शे?”

“मी शे.”

“आनि माय?”

“गाडीवर गयी.”

“तू शाळामा का नही गयी?” गावातली शाळा सकाळी साडेसातची होती.

तिने भावाला वर उचलून नीट घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की एवढ्या मोठ्या बाईला एवढंही कळू नये. “याले कोन धरी मंग?”

मागच्या खोलीतून काठी टेकत आजोबा आले. तेच आबा! फेटा गेला होता, टोपी आली होती, आवाज मात्र तसाच. मी विचारलं, सुना काय करतात? “घरच शेतस,” आबा म्हणाले. मी म्हटलं, “मग जरा हाक मारता का? त्यांनाच विचारते.” आबा माझ्यावरच चिडले. “आते? आते कशा येतीन त्या? वावरमा गयात ना!”

घरीच आहेत, म्हणून शेतात गेल्यात. आणि आबा खोटं बोलत नव्हते बरं का. त्यांच्या लेखी सुनेने शेतात जाणं हे घरी असण्यातच मोडत होतं. मी हातातलं पेन तसंच धरून उभी राहिले. मागच्या वेळी मी याच दारात बसून चहा प्यायले होते, हे मला आठवलं, आणि माझे कान गरम झाले.

दुसऱ्या दिवशी मी मुक्कामालाच आले, ग्रामसेवकांच्या बहिणीकडे. त्याच्या पुढच्या पहाटे सहाला पाराजवळ जाऊन उभी राहिले. आणि काय सांगू! गल्लीगल्लीतून बाया येत होत्या, डोक्याला रुमाल, अंगात नवऱ्याचे जुने शर्ट, हातात भाकरीचं फडकं. हसत, एकमेकींना ढकलत, दोन टेम्पोंत भरत होत्या. माझ्या कागदावर जे गाव दहा वर्षं घरी बसलं होतं, ते माझ्यासमोर गाडीत चढत होतं! मला इतकं उचंबळून आलं की मी थेट टेम्पोच्या फाळक्याजवळ जाऊन ओरडले, “थांबा! मला तुमची नावं हवीत!”

टोळीची म्होरकी होती सुमन, त्याच आबांची थोरली सून. पस्तिशीची, सडसडीत, बाकी बाया तिला अक्का म्हणायच्या. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“लिखा काय आनि नही काय,” ती म्हणाली. “मांगे आम्ही पंचायतमा गयतूत. म्हनं, अंगणवाडी सकायले सातले उघाडा, पोरी भाऊले तठे सोडी शाळामा जातीन, नही तं पोरे कोठे ठेवूत? ती दहाले उघडस, आमनी गाडी सहाले जास. तं साहेब म्हने, सरकारना कागदमा तुमना गावन्या बाया घरच बठतस. तुमले कसाले पायजे सकायनी अंगणवाडी?” तिने माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं. “बाई, कोन लिखं व्हई ते?”

मी पेनाचं टोपण काढलं, आणि पुन्हा लावलं. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर होता. ती सुमनचीच मंगल, आणि ती शाळेत का जात नाही याचं उत्तर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी एवढंच म्हणाले, “या वेळी नीट लिहू. मला गाडीत घ्या.”

त्यांनी मला गाडीत घेतलं! पुढचे आठ दिवस मी पहाटे त्यांच्याबरोबर जायची, शेताच्या बांधावर बसून लिहायची आणि नऊच्या एस.टी.ने शाळेला पळायची. पण नवीनच पेच पडला. किती महिने काम केलं, हे एकीलाही सांगता येईना. “महिना कोन मोजस, बाई?” मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक युक्ती काढली. महिने सोडून द्यायचे, कामं मोजायची. एकीने सुरुवात केली, दुसरीने पुढे ओढलं. पेरणीनंतर निंदणी, पोळ्यापर्यंत. दसऱ्याला पहिली वेचणी. संक्रांतीपर्यंत दुसरी, तिसरी, मग झाडावर राहिलेल्या बोंडांची फरदड. मग हरभरा, मग दादर ज्वारी सोंगायची. अक्षय्य तृतीयेशी येऊन सुमन म्हणाली, “आखाजीले माहेर जास, तेवढाच इसावा.” मी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक कामापुढे आठवडे मांडत गेले. सहा महिने कधीच मागे पडले! सात, आठ, कुणाचे नऊ. बेरीज झाली की बाया एकमेकींना टाळ्या द्यायच्या, जणू शर्यत जिंकल्यात. एक म्हातारी म्हणाली, “आखो महिना निघतस का दख वं, मी सासरवाशीन व्हतू तवयपासून धर.”

एकच गोष्ट मला लिहिता आली नाही. मंगल दिवसभर भावाला सांभाळत होती, त्याला माझ्याकडे कप्पा नव्हता. मी तिच्यापुढे ‘विद्यार्थी’ लिहिलं आणि पेन दाबून धरलं, कारण ते खरं करायचं होतं.

मी कागद नेऊन दिले आणि आमचे पर्यवेक्षक, म्हणजे पलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक, चष्मा वर करून म्हणाले, “बाई, या गावात एकही गृहिणी उरली नाही का? शेजारचं गाव बघा, सगळ्या घरी आहेत. हे परत आणा, नीट करून.” भला माणूस, पण वरून विचारणा होईल या भीतीने बेजार. मी म्हटलं, “गुरुजी, उद्या पहाटे सहाला पारावर या. एक बाई जरी घरी सापडली तरी सगळे कागद फाडते.”

आले बिचारे, माकडटोपी घालून. बायांनी त्यांना गराडाच घातला. गुरुजी प्रश्न विचारायला गेले, तर सुमनने उलट विचारलं, “गुरुजी, तुम्हले सुट्ट्या किती ऱ्हातस?” गुरुजींनी मे महिना, दिवाळी, रविवार असं मनाशी मोजलं आणि हसायला लागले. टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी सह्या केल्या. गाडी सुटली तेव्हा आतून बाया हात हलवत होत्या, आणि गुरुजीही हलवत होते. त्या सकाळी मला वाटलं, हे काम करून मी फुकट पगार घेतला नाही.

पण आकडे लगेच हाती लागत नाहीत. मोजणी झाली, कागद गेले, आणि गावागावांचे तपशील बाहेर यायला दोनेक वर्षं लागली. धरणगावच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी पान उघडून बसले. गावाचं नाव सापडलं, बोट आडवं सरकवत गेले, ‘मुख्य काम करणाऱ्या स्त्रिया’. दुकानदार पोराने दचकून बघितलं, इतक्या मोठ्याने मी “आल्या!” म्हणाले. तिथेच मी जुना आकडाही काढून घेतला. दोन्ही कागद घेऊन सुमनकडे गेले. ती म्हणाली, दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे, तालुक्याचे अंगणवाडीचे साहेब येणार आहेत, तुम्हीही या.

सभा अकराला. मंडप घातलेला, डावीकडे बायांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा. त्यात पहिल्या ओळीत चार जणी, सुमन, अंगणवाडीच्या सेविकाताई, एक लेकुरवाळी आणि मी. उजवीकडे पुरुष खच्चून भरलेले. सेविकाताईंची सातला यायची तयारी होती, साहेबांची परवानगी तेवढी हवी होती. सुमनने नवा कागद पुढे ठेवला. साहेबांनी तो शांतपणे वाचला, मग स्वतःच्या पिशवीतून जुना काढला. माणूस तयारीने आला होता.

“दहा वर्षांपूर्वी बोटांवर मोजण्याइतक्या,” ते म्हणाले, “आणि आता जवळजवळ अख्खं गाव? हे कसं होईल? दोन्हींतला एक आकडा खोटा आहे. आणि कागद सरकारी आहे, उगाच कोणी खोटं लिहिणार नाही. नवीन मोजणी कोणाच्या तरी दबावाखाली झालेली दिसते.”

सुमनचा चेहरा पडला. तिने हात पुढे करून नवा कागद परत घेतला, घडी घालायला लागली. मंगल आता अकराची होती, मांडवाच्या कोपऱ्यात भावाचा हात धरून उभी. भाऊ मोठा झाला होता, पण गल्लीत त्याच्यासारखे कितीतरी, आणि त्यांना धरायला कितीतरी मंगल. मी उभी राहिले.

“साहेब, जुना आकडा खोटा आहे,” मी म्हणाले. “तो मी लिहिलाय. दोन्ही वेळा मीच होते. पहिल्या वेळी ओट्यावर बसून चहा प्यायले, पुरुषांना विचारलं, बायांना विचारलंच नाही. त्याबद्दल मला पदक मिळालं. ते चुकीच्या कामाचं आहे.”

पुढच्या रांगेतल्या आबांनी मान खाली घातली. मला सगळ्यांत जास्त भीती सुमनची वाटत होती. तिने घडी घालायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं.

“माले माहीत शे, बाई,” ती हळूच म्हणाली. “मी दारना मांगे उभी व्हतू. वेचेल कापूसनी ओटी सोडाले घर उनी व्हतू. तुम्हीन मान वर करी नही.”

बारा वर्षं! टेम्पोपाशी तिने ‘कोन लिखं व्हई’ म्हणून विचारलं, तेव्हाही तिला माहीत होतं. तरी तिने मला गाडीत जागा दिली होती. मला रडू आवरेना, आणि खरं सांगते, त्याच क्षणी छातीवरचं ओझं उतरून इतकं हलकं वाटलं की हसूही येत होतं.

साहेब मात्र हटले नाहीत. “ठीक आहे, बाईंचा प्रामाणिकपणा मान्य. पण मी डोळ्यांना दिसतं ते बघतो.” त्यांनी डावीकडे हात केला. “एवढ्या बायांना सकाळची अंगणवाडी हवी असती तर त्या इथे आल्या असत्या. चारच जणी आहेत. बाकी खुर्च्या रिकाम्या आहेत.”

सुमन उठली. तिने पदर खोचला. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला.

“साहेब, आज वेचणी शे. ज्या उन्यात नहीत, त्या बठ्ठ्या कामवर शेतस. तुम्हले मोजनंच शे ना? मंग त्या रिकाम्या खुर्च्या मोजा.”

साहेबांनी पुन्हा एकदा डावीकडे पाहिलं. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगते, ते खरोखर मोजायला लागले. बोट हवेत, ओठ पुटपुटताहेत, एक रांग, दुसरी रांग. माझंही बोट त्यांच्याबरोबर आपोआप फिरायला लागलं. ते पार शेवटच्या रांगेपर्यंत गेले, थांबले, आणि ग्रामसेवकांकडे वळून म्हणाले, “लिहा. सकाळी सात.”